जुन्याच्या जुडीतला कांदा

४ नोव्हेंबर, सोमवार

आज मुख्य संपादकांनी माझ्या टेबलावर ‘ओल्ड’ आणून ठेवला. म्हणाले, "बाई, हा शब्द तुम्हीच करा. तुमच्याइतका न्याय दुसरं कोण देणार?" आपण काय बोलून बसलो हे मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. मी म्हटलं, "द्या. निवृत्तीला आठ आठवडे आहेत, तेवढ्यात आम्ही दोघं एकमेकांना उरकतो."

ही वही ह्यांनी आणून दिली. निवृत्त झाल्यावर माणसाला एकदम रिकामं वाटतं म्हणे, म्हणून आतापासून रोज लिहायची सवय लावायची. हे स्वतः चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, अजून एक ओळ लिहिलेली नाही. रोज लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही. सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहीन.

तर ‘ओल्ड’. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या पहिल्या आवृत्तीत मी त्याला अकरा अर्थ दिले होते. यादीवालीने आज एकवीस वापरांचा कागद हातात ठेवला. यादीवाली म्हणजे आमच्या याद्या आणि संगणक सांभाळणारी. दोन मुलांची आई, जिभेला धार. जुना, म्हातारा, शिळा, माजी, पूर्वीचा, मुरलेला, झिजलेला, ओळखीचा. शिवाय वय सांगतानाचा वापर आहेच. दहा महिन्यांचं बाळसुद्धा इंग्रजीत दहा महिने ओल्ड असतं. मराठीत ते नुसतं दहा महिन्यांचं.

आमच्या कोशाचा एक कडक नियम आहे. मराठी शब्द डोक्यातून काढायचा नाही. तो कुणीतरी बोलताना आपण आपल्या कानांनी ऐकलेला हवा. ते वाक्य कार्डावर उतरवायचं, खाली कोण बोललं, कुठे, कधी ते लिहायचं. ऐकीव चालत नाही. एका शब्दाच्या कार्डांची एक जुडी बांधायची आणि खणात लावायची. संगणक आले तरी नियम तोच राहिला. आता पुन्हा कान उघडे ठेवून हिंडायचं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

घरूनच सुरुवात केली. ह्यांचा एक स्वेटर आहे, कोपरं विरलेली. मी म्हटलं, टाका तो. म्हणाले, "जुना आहे म्हणून टाकायचं, तर मग आपलं दोघांचं काय करायचं?" वाक्य कार्डावर घेतलं. त्यात दोन अर्थ एकदम आलेत, त्यामुळे कोशाला निरुपयोगी आहे. ह्यांची बरीच वाक्यं अशीच असतात.

दाताचे डॉक्टर: "ही जुनी भरणी काढावी लागेल." घेतलं. बसमधली एक बाई मोबाइलवर: "माझ्या जुन्या साहेबांना विचार." हा ‘पूर्वीचा’. साहेब तरुणही असू शकतात. घेतलं.

भाजीवाला: "बाई, हा जुना कांदा न्या, टिकेल. नवा ओला आहे." म्हणजे मागच्या हंगामाचा. घेतलं नाही. कांदाही नाही आणि वाक्यही नाही. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कांदे कुठायत?" मी म्हटलं, विसरले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

यादीवालीशी वाजलं. ‘ओल्ड फ्रेंड’मधल्या ‘जुना’ची माझी व्याख्या अशी आहे: ‘ज्याच्याशी दीर्घकाळ सतत स्नेह आहे असा.’ ती म्हणाली, "बाई, यातलं ‘सतत’ कशाला? माझी शाळेतली मैत्रीण वीस वर्षांनी भेटली. ती काय नवी झाली?"

मी म्हटलं, "ती जुनी ओळख झाली. मैत्रीत खंड पडला की ती मैत्री जुनी होत नाही, संपते."

"कुणी सांगितलं?"

"कोशानं. बघा, छापलंय."

"छापलंय तुम्हीच ना?"

 ‘सतत’ राहील.

दुपारी मुख्यांनी दुसरं काम गळ्यात मारलं. नव्या आवृत्तीची प्रस्तावना मी लिहायची. पहिल्या आवृत्तीतली मी एकटीच इथे उरले आहे ना. "आणि बाई, तो कांद्याचा किस्सा येऊ द्या हं. लोकांना असलं वाचायला आवडतं. कुणाची चूक होती तेही लिहा, आता इतक्या वर्षांनी कोण मनावर घेतंय."

किस्सा असा. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात हत्ती होता, हिमनग होता, पण कांदा नव्हता. ‘अनियन’ हा शब्दच गळला होता. एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं: ‘कोश रडवतो, पण कांद्याविना.’ महिनाभर आमच्यावर विनोद चालले होते. छपाईआधीची, ओ अक्षराच्या जुड्यांची शेवटची मोजणी टाचणीकडे होती.

टाचणी म्हणजे माझी त्या वेळची सहकारी. कार्डांच्या जुड्यांना आम्ही बाकीचे दोरा बांधायचो, ही टाचणी लावायची, म्हणून टाचणी. मी घरून शिवणाचा निळा दोरा आणायची, म्हणून तिने माझं नाव ठेवलं दोरा. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, ओची मोजणी कुणाकडे होती? सगळे मूग गिळून बसले. मी म्हटलं, "टाचणीबाईंकडे." खोटं नव्हतं. ती उभी राहिली, म्हणाली, "हो, माझ्याकडेच होती." दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मला शब्दानेही न सांगता गेली. त्यानंतर आमचं बोलणं नाही. एकतीस वर्षं झाली.

राग आला असेल तिला, पण खरं बोलण्यात माझं काय चुकलं? इतकं नाकावर राग घेऊन जायचं काही कारण नव्हतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कालचं लिहिलेलं वाचलं. एक राहिलं. मी तेव्हा कच्च्या नोकरीवर होते, सहा-सहा महिन्यांची मुदत. मुलगा दहा महिन्यांचा, रात्र रात्र जागवायचा. ह्यांची कंपनी नुकतीच बंद पडली होती. मी टेबलावर डोकं ठेवून झोपायची आणि टाचणी माझ्या वाटणीची कार्डं स्वतः लावून टाकायची. डब्यातलं अर्धं मला द्यायची. ती गेल्यावर जागा रिकामी झाली आणि योगायोगाने मी महिन्याभरात पक्की झाले. हे सगळं प्रस्तावनेत येण्यासारखं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

चष्म्याच्या दुकानात काच बदलायला गेले होते. चष्मेवाला जुना आहे (म्हणजे पूर्वीपासूनचा, वयाने माझ्याएवढाच). म्हणाला, "तुमच्या त्या ऑफिसातल्या बाई परवा दोन चष्मे करून घेऊन गेल्या. मुलीकडे चालल्यात, कायमच्या. विमानानं. तीस तारखेला. घर आवरायला काढलंय."

मी विचारलं, "कोणत्या बाई?" ठाऊक होतं तरी विचारलं.

टाचणी आमच्यापासून पाच बसथांब्यांवर राहते. एकतीस वर्षं पाच थांबे. दोनदा बाजारात लांबून दिसली होती, तेव्हा मी फळांच्या गाड्याआड झाले. जाईना का मुलीकडे. मला काय त्याचं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

‘ओल्ड’ची पहिली जुडी बघायची होती. पहिल्या आवृत्तीच्या सगळ्या जुड्या तळघरात खोक्यांमध्ये आहेत. छापून झाल्यावर त्या कुणी उघडल्या नाहीत. ‘ओल्ड’ची जुडी वीटभर जाड, सुमारे दीडशे कार्डं. दोरा सोडला, कार्डं चाळत गेले. म्हातारा, जुना, शिळा. मग अर्थ नववा, ‘मागच्या हंगामाचा’. तिथे मधोमध एक बारकी जुडी बांधून ठेवलेली होती. चौदा कार्डं.

कांदा.

वरच्याच कार्डावर: ‘जुना कांदा वेगळा ठेव, नवा त्यात मिसळू नकोस.’ खाली टाचणीचं अक्षर, तिच्या आईचं वाक्य. मी जिन्याच्या पायरीवर बसले. एकतीस वर्षं हा इथे, दुसऱ्याच शब्दाच्या पोटात. कुणीतरी नववा अर्थ पडताळायला ‘अनियन’ची जुडी खणातून काढली असणार आणि परत ठेवण्याऐवजी चुकून ‘ओल्ड’मध्येच बांधून टाकली असणार.

कुणी, ते कळायला मार्ग नाही. तेव्हा आम्ही सात जण होतो. जुडी काढली की तिच्या जागी खणात गुलाबी चिठ्ठी ठेवायची, नाव घालून, असा नियम होता. चिठ्ठी ठेवल्याशिवाय मी कधी जुडी काढल्याचं मला आठवत नाही.

बारक्या जुडीला निळा दोरा आहे. तो दोरा माझ्या टेबलावरच असायचा, कुणीही घ्यायचं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जुडी घरी आणली. नियमात बसत नाही, पण आणली. ह्यांना दाखवली आणि म्हटलं, "बघा, कुणाचा तरी निष्काळजीपणा."

ह्यांनी ती उलटसुलट केली. चष्मा कपाळावर सरकवून दोऱ्याची गाठ बघत राहिले. म्हणाले, "ही गाठ सुटायची नाही. कात्री लागेल."

"कशावरून?"

"अगं, पस्तीस वर्षं ही गाठ सोडवतोय मी. डब्याच्या फडक्याला हीच, रद्दीला हीच. दोन वेढे आणि वर उलटा फास. जगात आणखी कुणी असली गाठ मारत असेल तर मला त्याला भेटायचंय."

मी म्हटलं, तुम्हाला कशातलं काही कळत नाही. रात्रीचं जेवण न बोलता झालं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अजून बोललेले नाही. हेही बोलत नाहीत, नुसते गुणगुणतात. ते जास्त वाईट.

१८ नोव्हेंबर, सोमवार

गाठ माझी आहे.

शुक्रवारीच कळलं होतं. खरं तर तळघरातच कळलं होतं, पायरीवर बसले तेव्हा. उगाच का बसले? लिहायला चार दिवस लागले. ‘ओल्ड’ माझ्याकडे होता, नववा अर्थ माझा, दोरा माझा, गाठ माझी. डोळ्यांवर झोप असेल. जुडी आणली, पडताळली, बांधली आणि विसरले. आणि मग भर बैठकीत बोट दाखवलं ते टाचणीकडे.

शरम वाटते. कोशकाराने नेमका शब्द वापरायचा तर हाच आहे.

पण एक समजत नाही. चिठ्ठी ठेवली असेन तर ती खणात असायला हवी होती. बोभाटा झाल्यावर खण उलटेपालटे केले, तेव्हा सापडली नाही. म्हणजे मी ठेवलीच नसेन.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रस्तावनेचा मसुदा केला. ‘एका सहकाऱ्याच्या नजरचुकीने’ असं लिहिलं. वाचून बघितलं. खोटं नाही. सहकारी म्हणजे मीही येतेच. बैठकीतलं माझं वाक्यही असंच होतं, खोटं नसलेलं. कागद फाडला.

संध्याकाळी तिच्याकडे जायला निघाले. पाचपैकी चौथ्या थांब्यावर उतरले. समोर औषधाचं दुकान होतं, खोकल्याचं औषध घेऊन परत आले. घरात कुणालाही खोकला नाही. ह्यांनी बाटली बघितली आणि फडताळात ठेवून दिली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

यादीवालीने विचारलं, "बाई, ‘ओल्ड’ कुठवर आलाय?" मी म्हटलं, नवव्या अर्थावर अडलंय. ती म्हणाली, "मागच्या हंगामाचा? त्यात काय अडण्यासारखं आहे?"

काय सांगणार तिला.

२४ नोव्हेंबर, रविवार

गेले.

दार तिच्या मुलीने उघडलं. चाळिशीची असेल, तीच हनुवटी. आत सगळी खोकी, भिंतींवर चित्रं काढून नेल्याचे फिकट चौकोन. टाचणी खिडकीशी खुर्चीवर बसून पुस्तकं दोन ढिगांत लावत होती. केस पांढरे, पण पाठ अजून ताठ आहे. तिने वर बघितलं. मुलीने विचारलं, "आई, या कोण?"

टाचणीने हातातलं पुस्तक ढिगावर ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या ऑफिसात होत्या."

होत्या. तोंडात मारल्यासारखं झालं, पण तक्रार कशाच्या तोंडाने करणार? मुलगी चहा टाकायला आत गेली. मी पिशवीतून जुडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. बसमध्ये पाठ केलेलं भाषण साफ विसरले. म्हटलं, "कांदा सापडला."

तिने जुडी हातात घेतली. गाठीवरून अंगठा फिरवला. "कुठे होता?"

"जुन्याच्या जुडीत. मी बांधला होता. माझी चूक होती, आणि मी तुझं नाव घेतलं."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचं पुस्तक उचललं.

"बरं काय? तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"दोरा, तुझी चिठ्ठी खणात होती."

मी शेजारच्या खोक्यावर बसले.

"पेपरात आलं त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी येऊन खण उघडला. कांद्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी. ‘ओल्डसाठी नेली’, खाली तुझी सही. सहीतलं शेवटचं अक्षर पार खाली घसरलेलं, लिहितानाच झोपली असशील." ती किंचित हसली. "आणि मोजणीच्या दिवशी ती चिठ्ठी मी जुडी म्हणून मोजली होती. चिठ्ठी दिसली की माणसाला गाठून जुडी परत आणवायची, हे माझं काम. त्या दिवशी मलाही घाई होती. म्हणजे अर्धी चूक तुझी, अर्धी माझी."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? अध्यक्षांना? कुणीतरी जाणारच होतं. तुझी नोकरी कच्ची, घरात तान्हं पोर, नवरा बसलेला. मला शाळेत जागा मिळत होती. अर्ध्या चुकीसाठी राजीनामा दिला तर लोक पन्नास प्रश्न विचारतात, म्हणून पूर्ण घेतली."

"आणि चिठ्ठी?"

"फाडली. ठेवून काय करणार होते, खटला?"

चहा आला. मुलगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती, मग पुन्हा आत गेली. मला रडू आलं. या वयात लोकांच्या घरी रडणं बरं दिसत नाही, पण आलं. मी म्हटलं, "बैठकीत मी तुझं नाव घेतलं त्याचा तुला किती राग आला असेल."

"त्याचा नाही आला," ती म्हणाली. "खरंच होतं ते. मोजणी माझीच होती. राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. मी गेले आणि तू एकदाही दारात आली नाहीस. वाटलं, आठवड्यात येईल. मग वाटलं, पोराचं सगळं सुरळीत झालं की येईल. एकदा बाजारात दिसलीस, तर तू फळांच्या गाड्यामागे लपलीस. तुझी पिशवी दिसत होती गं."

 मला वाटत होतं ती रुसून गेली. इतकी वर्षं मीच रुसून बसले होते, आणि ती नुसती वाट बघत होती.

निघताना म्हटलं, "तीस तारखेला येऊ का?" ती म्हणाली, "टॅक्सी सकाळी नऊला आहे." ये म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही.

जुडी तिने ठेवून घेतली नाही. "कोशाची आहे," म्हणाली, "जागेवर लाव."

२७ नोव्हेंबर, बुधवार

प्रस्तावना दिली. कांद्याचा परिच्छेद असा: ‘पहिल्या आवृत्तीतून “अनियन” हा शब्द गळला, तो माझ्या हातून. त्याचा दोष माझ्या एका सहकारी मैत्रिणीने स्वतःवर घेतला. मी तो तिच्याकडे राहू दिला.’

मुख्यांनी वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली. "बाई, निवृत्तीच्या तोंडावर हे कशाला उकरून काढताय? तुमचा समारंभ आहे, अध्यक्ष येणार आहेत. गंमत म्हणून लिहा म्हटलं होतं मी."

"गंमतच आहे," मी म्हटलं, "फक्त माझी झालीय."

"‘राहू दिला’ एवढं तरी काढूया. कठोर वाटतं."

"तेवढंच काढू नका. बाकी हवं तर सगळं काढा."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग लाल पेन्सिल खिशात ठेवली. मला वाटायचं या माणसाला कणा नाही. आहे.

घरी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "चला, म्हणजे गाठ सुटली." मी म्हटलं, कोशाला निरुपयोगी वाक्य. हसले. मग मीही हसले.

३० नोव्हेंबर, शनिवार

साडेआठला पोहोचायचं म्हणून साडेसातला निघाले आणि तिसऱ्या थांब्यावर बस बंद पडली. पुढची येईना. नऊला दहा कमी असताना चालायला लागले. मग जवळजवळ धावले. एकोणसाठ वर्षं ओल्ड बाई हातात पिशवी घेऊन रस्त्याने धावते, हे दृश्य कुणी बघितलं असेल तर त्याची करमणूक झाली असेल. गेली असणार, हे डोक्यात पक्कं होतं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

टॅक्सी दारात उभी होती. सामान वर बांधलेलं, मुलगी मागच्या सीटवर घड्याळ बघत बसलेली. ड्रायव्हर बाहेर बॉनेटला टेकून उभा. मला बघून म्हणाला, "तुम्हीच का त्या? बरं झालं आलात. दोनदा गाडी चालू केली, दोनदा बंद करायला लावली आजींनी. ‘थांबा जरा, माझी जुनी मैत्रीण यायचीय,’ म्हणतात. अहो, विमान चुकेल यांचं."

टाचणी फाटकातून बाहेर येत होती. म्हणाली, "उशीर केलास."

मी धापा टाकत म्हटलं, "हो. फार."

मग तिने माझा हात धरला. सुकलेला, हलका हात, पण पकड तीच. मी पिशवीतून निळ्या दोऱ्याचं रीळ काढून तिला दिलं. द्यायला दुसरं काही सुचलंच नव्हतं. तिने ते पर्समध्ये टाकलं, आणि पर्सच्या आतल्या खिशातून एक टाचणी काढून माझ्या पदराला लावली. "फोनवर बोल," म्हणाली. "अक्षर वाचता येत नाही आता तुझं. खाली घसरतं."

गाडी गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत उभी राहिले. रडले नाही. घरी येताना भाजीवाल्याकडून दोन किलो जुना कांदा घेतला.

२ डिसेंबर, सोमवार

‘ओल्ड’ पुरा केला. एकोणीस अर्थ. कांद्याची जुडी तिच्या जागेवर लावली, टाचणी लावून. दोरा कात्रीने कापावा लागला.

एक कार्ड नवं केलं: ‘थांबा जरा, माझी जुनी मैत्रीण यायचीय.’ खाली लिहिलं: टाचणीबाई, तिच्या घरासमोर, ३० नोव्हेंबर, सकाळी. यादीवालीने खांद्यावरून वाचलं.

"बाई, हे तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"नाही. टॅक्सीवाल्यानं सांगितलं."

"मग ऐकीव झालं. ऐकीव चालत नाही, तुम्हीच म्हणता."

"चालत नाहीच," मी म्हटलं. "हे एक चालवून घ्या."

तिने कार्ड उचललं, जुडीत सगळ्यात वर ठेवलं आणि व्याख्येचा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘ज्याच्याशी दीर्घकाळ सतत स्नेह आहे असा.’ मी ‘सतत’ हा शब्द खोडला. बाकी व्याख्या तशीच ठेवली.